तीन खिडक्या, आठ जीबी

प्रश्न : मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम खेळतो. माझी तीन खाती आहेत. तिन्ही एकाच वेळी उघडून माझीच तीन पात्रं डंजनमध्ये (गेममधल्या मोहिमेच्या जागी) नेतो. दुसऱ्या खिडकीपर्यंत ठीक चालतं, तिसरी उघडली की माउसचा बाणसुद्धा अडखळतो. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, ८ जीबी रॅम, विंडोज छोट्या एसएसडीवर, गेम जुन्या हार्ड डिस्कवर. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. कोणतं घेऊ? शिवाय एक कळ दाबली की तिन्ही पात्रं एकदम हल्ला करतात असं सॉफ्टवेअर मित्राने दिलंय. वापरू का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : कार्डाचे पैसे सध्या खिशातच राहू द्या. माझ्या दुकानात येणारी निम्मी पोरं आधी कार्डाचं नाव सांगतात आणि मग त्रास सांगतात.

आधी तिन्ही खिडक्या उघडा आणि कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं आणि डिस्कचं पान बघा. रॅम नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्क शंभरावर चिकटलेली दिसेल, असा माझा अंदाज आहे. गेमची एकेक खिडकी सहज दोन-तीन जीबी खाते, ॲडऑन (गेमला जोडायचे छोटे प्रोग्राम) ठासून भरले असतील तर त्याहून जास्त. त्यात तुमच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही याच आठ जीबीतून आपला वाटा काढून घेतं. जागा संपली की विंडोज रॅममधला माल डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये हलवायला लागतं. बाण अडखळतो तो तेव्हा. (वेग वाढेल म्हणून पेजफाइल बंद करा, असं कुणी सांगेल. करू नका. मग अडखळायच्या ऐवजी गेम सरळ बंद पडेल.)

मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ असं लिहिलेलं असतं. तिथे १ दिसलं, म्हणजे रॅमची एकच स्टिक (पट्टी) असली, तर दुखणं दुहेरी आहे. डीडीआर४ प्रकारच्या रॅमची ३२०० वेगाची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी माल पुरवते, दोन लावल्या की ५१.२. कार्ड असलेल्या पीसीत हा फरक एरवी फार जाणवत नाही. तुमच्याकडे मात्र प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघंही त्याच रॅमवर अवलंबून, लग्नघरात एकच न्हाणीघर असावं तसं. म्हणून आहे त्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी स्टिक घ्या. जमत असेल तर आठ-आठऐवजी सोळा-सोळाची जोडीच घ्या, तीन खिडक्यांना १६ जीबी जेमतेम पुरतील. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. मग टास्क मॅनेजरमध्ये स्पीड बघा. ३२००ची रॅम घेऊनही २४०० किंवा २६६६ दिसत असेल तर बायॉसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय, चालू करायचं राहिलंय. विकणारे हे सहसा सांगत नाहीत.

रॅम येईपर्यंतचं काम फुकटात होण्यासारखं आहे. मागच्या दोन खिडक्या तुम्ही बघत नसलात तरी त्या चित्रं काढतच बसतात, आणि बराच दम तिथे जातो. गेमच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ‘मॅक्स बॅकग्राउंड एफपीएस’ (मागच्या खिडकीने सेकंदाला जास्तीत जास्त किती चित्रं काढायची) आहे, ते १५ करा. पुढच्या खिडकीला ‘मॅक्स फोरग्राउंड एफपीएस’ ६० पुरे. मागची पात्रं फॉलो कमांडवर (पुढच्याच्या मागोमाग आपोआप) चालत असतील तर १५ एफपीएसने काही बिघडत नाही. तिन्ही खिडक्या शेजारी शेजारी मांडून बघत असाल तर मात्र डोळ्यांना टोचेल, मग ३० ठेवा. मागच्या खिडक्यांचा रेंडर स्केल (गेमचं चित्र किती बारकाईने काढायचं ते) ५० टक्के करा. लांबी-रुंदी दोन्ही अर्धी होतात, म्हणजे काढायचं चित्र चतुर्थांश उरतं, आणि बटणं, अक्षरं तशीच स्पष्ट राहतात.

इथे एक खोडी आहे. तिन्ही खिडक्या एकाच फोल्डरमधून उघडल्या तर सेटिंगची फाइलही एकच असते, आणि शेवटी बंद केलेली खिडकी आपली सेटिंग तिच्यावर लिहून जाते. मग ‘काल केलं, आज गायब’ होतं. डिस्कवर जागा असेल तर मागच्या खात्यांसाठी गेमच्या फोल्डरची वेगळी प्रत ठेवा. हे सगळं अर्थात एसएसडीवर. हार्ड डिस्कवरून तीन खिडक्या एकदम नवा प्रदेश लोड करायला लागल्या की तिची सुई इकडून तिकडे धावतच राहते. विंडोजची एसएसडी छोटी असेल तर गेमपुरती दुसरी घ्या. माझ्या मते कार्डाआधी तिचा नंबर लागतो.

अकोल्याचा मे महिना लक्षात घेऊन कॅबिनेट उघडून धूळही काढा. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे, तिच्याजवळ गेला की तो स्वतःच वेग कमी करतो.

आता मित्राचं सॉफ्टवेअर. काढून टाका. स्वतःची अनेक खाती एकत्र खेळवायला गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीची मनाई नाही, पण एक कळ अनेक खिडक्यांत पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरवर त्यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये बंदी घातली. सापडलात तर तिन्ही खात्यांवर कारवाई होऊ शकते.

एवढं करूनही पुढच्या खिडकीत ग्राफिक्स शंभर टक्क्यांवर आणि रॅम मोकळी दिसली, तर टास्क मॅनेजरच्या मेमरी आणि ग्राफिक्स (जीपीयू) या दोन्ही पानांचे फोटो पाठवा. कार्डाचं तेव्हा बोलू.

प्रश्न : गेम बूस्टर आणि रजिस्ट्री क्लीनर (पीसीचा वेग वाढवतो म्हणणारे प्रोग्राम) टाकल्याने दोन गेम एकत्र नीट चालतील का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. दोन गेमच्या जोडीला आणखी दोन प्रोग्राम चालू राहतील. त्यापेक्षा ब्राउझर बंद करा.