एम प्रोटीन स्थिर आहे, मग आईंना सारखं इन्फेक्शन का होतंय?

ताई, आईंना एमजीयूएस (बोन मॅरोतल्या अँटीबॉडी बनवणाऱ्या काही प्लाझ्मा सेल्स बिघडलेल्या, पण कॅन्सर नाही, अशी अवस्था) आहे, एम प्रोटीन (त्या बिघडलेल्या पेशी बनवतात ती एकाच साच्याची अँटीबॉडी) १.२ च्या आसपासच आहे, डॉक्टर म्हणतात नुसतं लक्ष ठेवूया, पण छातीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होतंय तर याचा त्याच्याशी काही संबंध आहे का, असं तुम्ही विचारलंय. असू शकतो. कॅन्सर नाही म्हणजे इम्युनिटी ठणठणीत असं बरेच जण धरून चालतात आणि तिथेच गडबड होते.

डॉक्टर चुकीचं सांगत नाहीयेत. एम प्रोटीन दर डेसिलिटरला ३ ग्रॅमच्या खाली, बोन मॅरोत प्लाझ्मा सेल्स १० टक्क्यांच्या खाली, आणि किडनी, हाडं, कॅल्शियम, हिमोग्लोबिन ठीक, तर तो एमजीयूएस, त्यातून मायलोमा, म्हणजे प्लाझ्मा सेल्सचा कॅन्सर, व्हायची शक्यता वर्षाला साधारण १ टक्का. पुढची पायरी स्मोल्डरिंग मायलोमा, म्हणजे बिघडलेल्या पेशी वाढल्या पण अवयवांना इजा नाही अशी अवस्था, तिथे पहिली पाच वर्षं तीच शक्यता वर्षाला १० टक्क्यांच्या आसपास जाते. पण हे आकडे बिघडलेल्या पेशी किती आहेत ते सांगतात, शेजारच्या चांगल्या पेशींचं काय चाललंय ते त्यात दिसत नाही.

आणि तिथे बरंच काही चाललेलं असतं. एकेक पेशी वेगळी करून तपासणाऱ्या अभ्यासांत दिसलंय की एनके सेल्सचं (बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींचं) प्रमाण आणि वागणं एमजीयूएसमध्येच बदललेलं असतं, मोनोसाइट्स नावाच्या पांढऱ्या पेशी शत्रूचा तुकडा टी सेल्सना, म्हणजे शत्रू ओळखून हल्ला करणाऱ्या पेशींना, ज्या रेणूवर धरून दाखवतात तो रेणूच कमी होत जातो, मग टी सेल्स तिथे असूनही त्यांना नीट इशारा मिळत नाही, आणि स्मोल्डरिंगपर्यंत तर लढाऊ टी सेल्सचा जो राखीव साठा असतो तोही घटायला लागतो. म्हणजे बिघाड मायलोमा झाल्यावर सुरू होत नाही, खूप आधीपासून हळूहळू होत असतो.

आता आईंचा रिपोर्ट काढा. आयजीजी, आयजीए, आयजीएम या तीन प्रकारच्या अँटीबॉडींचे आकडे शोधा. समजा आयजीजी १६०० आहे आणि आयजीए ४०, आयजीएम २०. आयजीजी भरपूर दिसते म्हणून हायसं वाटतं, पण एम प्रोटीन आयजीजी प्रकारचं असेल तर त्यातला मोठा भाग एकाच साच्याच्या, बहुतेक जंतूंवर निरुपयोगी अँटीबॉडीचा असतो, आणि उरलेल्या दोन दबलेल्या असतात. याला इम्युनोपरेसिस म्हणतात. स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात एमजीयूएसवाल्यांना इन्फेक्शनचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट दिसला होता. हे तिन्ही आकडे केलेच नसतील तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, त्यात संकोच नको. पण वारंवार इन्फेक्शन म्हणजे आजार पुढे सरकतोय असा अर्थ लगेच काढू नका, दमा, धूम्रपान, डायबेटिस, वय हीही कारणं असतात, छाती तपासून घ्याच.

लसींचं मात्र टाळू नका. फ्लूची दरवर्षी, न्यूमोकॉकसची, आणि नागिणीची घ्यायची तर रिकॉम्बिनंट प्रकारची, जिवंत जंतूची कोणतीही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. बाहेरून इम्युनोग्लोबुलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीज, देतात ते सगळ्यांना नाही, गंभीर इन्फेक्शन वारंवार झाली आणि चांगल्या अँटीबॉडीज खरंच कमी असल्या तरच. इम्युनिटी बूस्टरच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका, वर सांगितलेलं त्यांनी दुरुस्त होत नाही.

एक गोष्ट मला खूप धीर देते. २००३ मध्ये माधव धोडपकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एमजीयूएस असलेल्यांच्या बोन मॅरोतल्या टी सेल्स स्वतःच्या बिघडलेल्या पेशींना ओळखून जोरात प्रतिसाद देतात, मायलोमात तो जोर दिसत नाही. शिवाय मायलोमात एनकेटी सेल्समध्ये (टी सेल्सचाच एक वेगळा प्रकार) दिसलेला दोष प्रयोगशाळेत उलटवताही आला. हाय-रिस्क स्मोल्डरिंगमध्ये आता लवकर औषध देण्याची चाचणीही झालीये, अक्विला नावाची: डॅराट्युमुमॅब घेणाऱ्यांत पाच वर्षांनी ६३ टक्के पेशंट मायलोमाकडे न सरकता होते, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४१. आईंच्या एमजीयूएसला मात्र सध्या औषध लागत नाही, त्यामुळे ते मागायला जाऊ नका.

पुन्हा ताप आणि धाप आली तर घरीच अँटिबायोटिक सुरू न करता त्याच दिवशी दाखवा, आणि एमजीयूएस आहे हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा, कारण फाइल बघायला त्यांना वेळ मिळेलच असं नाही.