प्रॅक्टिसमध्ये सगळं जमतं, पण स्पर्धेत हात थरथरतात आणि कॉन्फिडन्सच जातो, असं का होतं?

स्पर्धेआधी अ‍ॅड्रेनलिन (ताणाच्या वेळी शरीरात सुटणारं हार्मोन) वाढतं, छाती धडधडते, हाताला घाम येतो आणि आपण लगेच ठरवून टाकतो की आज काही खरं नाही, मग एरवी आपोआप होणारी गोष्टसुद्धा मुद्दाम लक्ष देऊन करायला जातो आणि तिथेच चुकतो. चूक झाली की भीती अजून वाढते.

आपल्या कोल्हापूरचा नेमबाज स्वप्निल कुसाळे बघा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या (गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) फायनलला त्याच्याही पोटात गोळा आला होता, काही न खाता नुसता काळा चहा पिऊन गेलो असं त्यानेच नंतर सांगितलं. नेमबाजीत तर ठोके वाढले तरी नेम हलतो! सुरुवातीला मागे होता, पण श्वासावर लक्ष ठेवून नेहमीसारखंच खेळत राहिला आणि ४५१.४ गुणांनी ब्राँझ आणलं. टेन्शन असतानाच आणलं हे महत्त्वाचं.

तुम्ही एक करा, प्रॅक्टिसमध्येच अधूनमधून चार लोकांसमोर, स्कोअर लावून खेळा, आणि सुरू करण्याआधी दोन-तीन वेळा श्वास सावकाश, लांब सोडा. झोपच उडत असेल किंवा उलट्या होत असतील तर मात्र अंगावर काढू नका, स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्टला भेटाच.