काश्मीरात बर्फ पडला की तासगावच्या द्राक्षबागायतदाराला काळजी का वाटते?

तुमचा प्रश्न असा आहे: कवठेमहांकाळजवळ पहिल्यांदाच द्राक्षबाग धरली आहे. टीव्हीवर काश्मीर-हिमाचलातला बर्फ दिसला की शेजारचे बागायतदार चिंतेत पडतात. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग घाबरायचं कशाला? आणि जिथे खरोखर बर्फ पडतो तिथले लोक बागा वाचवतात कशा? माझं म्हणाल तर आमची बाग सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात आहे, वडिलांच्या काळापासूनची. मला जे माहीत आहे ते सगळं सांगतो.

आधी बर्फाचा आणि आपला संबंध. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून ढगांच्या प्रणाली इराण-अफगाणिस्तानमार्गे हिमालयावर येतात. हवामान खातं त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतं. तिकडचा बर्फ त्यांच्यामुळेच पडतो. विक्षोभ पुढे सरकला की मागे आभाळ मोकळं होतं आणि उत्तरेकडून कोरडं, गार वारं राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून खाली उतरतं. आधी नाशिककडच्या निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते आणि मग आपल्याकडे पहाटे दात वाजायला लागतात. म्हणून काश्मीरातली बर्फाची बातमी ही आपल्यासाठी दोन-तीन दिवस आधी मिळालेली सूचना समजा आणि तेवढ्या वेळात बागेतली कामं उरका. दरवेळी थंडी येतेच असं नाही. मध्येच समुद्राकडून दमट वारं शिरलं तर आभाळ येतं, थंडी पळते आणि रोगाची भीती वाढते.

आता मूळ मुद्दा. पारा किती उतरला यापेक्षा त्या वेळी वेल कोणत्या अवस्थेत आहे, हे बघायचं असतं. फ्रान्स-इटलीतली द्राक्षवेल थंडीच्या तोंडावर पानं गाळते आणि झोपी जाते. अशी झोपलेली वेल शून्याखाली दहा अंशांचा गारठाही सहज काढते. आपली वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलला खरड छाटणी (नव्या काड्या तयार होण्यासाठी), ऑक्टोबरला फळछाटणी (घड येण्यासाठी), त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत ती घड पोसत असते. 10 अंशांच्या खाली वेलीचं काम जवळजवळ थांबतं. मुळी पाणी कमी उचलते, मण्याची फुगवण अडते, साखर भरायला वेळ लागतो. फ्रान्समधल्या शेतकऱ्याला जानेवारीतल्या ज्या 8 अंशांची काहीच फिकीर नसते, त्यात आपला माल लांबणीवर पडतो.

बर्फाच्या मुलखातही नुकसान अवस्थेवरूनच ठरतं. काश्मीरात 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याच्या थंडीचे, त्याला तिथे चिल्लई कलान म्हणतात. त्या काळात सफरचंदाची झाडं निष्पर्ण असतात, बर्फ फांद्यांमधून खाली पडतो, उलट तो पडायलाच हवा असतो. थंडीचे ठरावीक तास मिळाल्याशिवाय सफरचंद नीट फुलत नाही आणि उन्हाळ्याचं पाणीही त्याच बर्फाचं. पण 2019 मध्ये नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात बर्फ कोसळला, तेव्हा झाडांवर पानं होती, काही ठिकाणी फळंही. ओला, जड बर्फ पानांवर साचला आणि वर्षानुवर्षं जोपासलेली झाडं मधोमध चिरली. आदल्या वर्षीही नोव्हेंबरातच असं झालं होतं. आमच्याकडे मालानं भरलेला मांडव वादळात आडवा होतो, तेव्हा शेतकऱ्याच्या जिवाचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. त्यामुळे त्या बागवानांच्या बातम्या मला परक्या वाटल्या नाहीत. तिथे बर्फ पडत असतानाच लांब काठ्यांनी फांद्या हलवून भार उतरवतात, उशीर झाला तर फांदी गेलीच.

चीनमधल्या निंगशिया भागात द्राक्षाला याहून मोठी मेहनत लागते. तिथला हिवाळा इतका कोरडा आणि कडक की झोपलेली वेलही मरते. म्हणून शरद ऋतूत छाटणी करून वेली तारेवरून सोडवतात, जमिनीवर आडव्या करतात आणि मातीखाली गाडतात. वसंतात पुन्हा उकरून तारेवर बांधायच्या. दरवर्षी हे करावं लागतं, म्हणून तिथे वेलीला वळणच असं देतात की ती न मोडता वाकावी.

फ्रान्समध्ये 2021 साली वेगळंच झालं. मार्चच्या अखेरीस उबदार हवा पडली, वेलीचे डोळे लवकर फुटले आणि एप्रिलच्या सुरुवातीला शून्याखालची थंडी आली. कोवळी फूट उणे दोन-तीन अंशांतच करपते. लोकांनी ओळींमध्ये हजारो मेणबत्त्यांचे डबे पेटवले, मोठे पंखे फिरवले, काही ठिकाणी फुटव्यांवर रात्रभर पाण्याचे तुषार सोडले. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे बर्फाच्या पातळ कवचाखाली फूट शून्याच्या आसपास टिकते. मात्र बर्फ वितळेपर्यंत तुषार बंद करून चालत नाही. हा उपाय वाचून कुणी आपल्या बागेत फवारे सोडायला जाऊ नका. आपल्याकडे घड आणि पानं रात्रभर ओली राहिली तर डाऊनी (केवडा रोग) आलाच म्हणून समजा.

आता तुमच्या बागेचं. थॉमसन किंवा तास-ए-गणेश ही हिरव्या द्राक्षाची जात असेल तर पहिलं काम पेपर लावण्याचं. (तास-ए-गणेश आमच्या तासगाव तालुक्याचीच, बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेली जात.) मण्यात पाणी फिरायला लागल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागल्यावर, पहाटे 8 अंश आणि दुपारी 30 असा फरक पडला की हिरवे मणी गुलाबी पडतात. असा घड निर्यातीला चालत नाही आणि एकदा रंग आला की कुठल्याही औषधानं परत जात नाही. म्हणून पाणी फिरण्याच्या आधीच घडाभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून वर स्टेपलर मारायचा. बायका हे काम झपाझप करतात, पण एक गोष्ट तुम्ही स्वतः उभं राहून करून घ्या: प्रत्येक घड खालून वर उचलून आत भुरी रोगाची पांढरी पूड किंवा मिलीबगचा (पिठ्या ढेकणाचा) कापूस आहे का ते बघितल्याशिवाय कागद लावू देऊ नका. आत राहिलेला रोग काढणीलाच दिसतो, तेव्हा हातात काही उरत नाही.

दुसरं पाणी. विहीर-बोअरचं पाणी पहाटे कोमट असतं, शेततळ्याचं रात्रभरात गार झालेलं असतं. थंडीच्या लाटेत शक्यतो विहिरीचं पाणी पहाटे थोडा वेळ ड्रिपनं द्या. लाईटची पाळी दिवसाची असेल तर आदल्या दुपारी द्या, ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते. फुगवण थांबली म्हणून घाबरून पाणी वाढवू नका. मुळी ते उचलत नाही आणि पुढे हवा तापली की एकदम उचलते, मग मणी तडकतात. मणी फुगवायला घड संजीवकांच्या (वाढीच्या औषधांच्या) द्रावणात बुडवतात, त्या जादा बुडवण्यांचंही तेच. वेल सुस्त असताना डोस वाढवून फुगवण येत नाही, खर्च मात्र होतो.

बागेत ऊब राहावी म्हणून शेकोट्या कधी पेटवायच्या हेही बघा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर, गाड्यांच्या टपांवर दव गोठतं, तेव्हाही हवेचा पारा शून्याच्या बराच वर असू शकतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता आभाळात सोडते आणि पृष्ठभाग हवेपेक्षा जास्त गार होतो. गार हवा जड, म्हणून ती उतरून सखल भागात साचते. ओढ्याकाठचा तुकडा माळावरच्या तुकड्यापेक्षा गार असतो तो यामुळेच. शेकोटीचा उपयोग अशाच स्थिर रात्री होतो, तोही पहाटे सूर्य उगवण्याआधीच्या दोन-तीन तासांत, सखल बाजूला, लहान लहान बऱ्याच ठिकाणी. एकच मोठा जाळ केला तर ऊब सरळ वर निघून जाते आणि जवळची पानं मात्र भाजतात. वारं सुटलं असेल तर लाकडं वाया घालवू नका.

भुरीसाठी गंधक पहाटेच्या गारठ्यात मारू नका. गंधकाला ऊब लागते, ऊन वर आल्यावर मारा. घडात पाणी उतरल्यानंतर मण्यावर डाग राहतील, तेव्हा जपून.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे नुसत्या थंडीपेक्षा अवकाळी जास्त मारतो. 1-2 डिसेंबर 2021 चा पाऊस आठवला तरी पोटात गोळा येतो. गारठा आणि पाऊस एकत्र आले, फुलोऱ्यातल्या बागांची गळकूज झाली (घड कुजून गळाले) आणि तयार मालाचे मणी फुटले. हवामान आधारित फळपीक विम्यात द्राक्षासाठी अवेळी पाऊस आणि कमी तापमान दोन्ही येतात, पण भरपाई तुमच्या महसूल मंडळासाठी धरलेल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते, तुमच्या बागेतल्या थर्मामीटरवरून नाही. तुमच्यासाठी कोणतं केंद्र धरलंय ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) आत्ताच विचारून ठेवा.

जात कोणती, फळछाटणी कोणत्या तारखेला घेतली आणि प्लॉट माळावर आहे की ओढ्याकाठी, एवढं खाली लिहिलंत तर पेपर कधी लावायचा आणि पाणी किती द्यायचं ते नेमकं सांगता येईल.