तापानंतर काउंट घसरला, आता कायमचाच का?

"मॅडम, माझ्याच प्रतिकारशक्तीनं माझं वाटोळं केलं." तिशीतल्या त्या गृहस्थांनी वीर्यतपासणीचा रिपोर्ट पुढे सरकवला. मिलिलिटरमागे ९० लाख शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या निकषांत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे, म्हणजे आकडा कमीच होता. टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ ही नावं त्यांनी मोबाइलवर वाचून पाठ केली होती. ही सायटोकाइन्स वृषणाची नासाडी करतात, हा निकालही स्वतःच लावून टाकला होता.

मध्यंतरी काही आजारपण? उत्तर पत्नीनं दिलं, "दीड महिन्यापूर्वी आठवडाभर सणकून ताप होता."

सायटोकाइन्स म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. निरोगी वृषणातही त्यांची ये-जा चालूच असते. शुक्राणू तयार होऊ लागतात ते वयात आल्यावर, त्यामुळे प्रतिकारशक्तीला ते परके वाटू शकतात. म्हणून वृषणातल्या, शुक्राणूंना सांभाळणाऱ्या सर्टोली पेशी एकमेकींना घट्ट बिलगून आडोसा धरतात. कच्च्या शुक्रपेशींना मात्र तो ओलांडून आत जावंच लागतं. तेवढ्यापुरती वाट सैल करण्यात टीएनएफ-अल्फाचाच हात असतो, असं प्राण्यांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे ज्याच्या नावानं हे गृहस्थ बोटं मोडत होते, तोच!

त्रास होतो तो अतिरेकानं. तापात हे निरोप फार वाढतात, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक काही काळ उतरतं. त्यात वृषणाला शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं. शुक्राणू घडायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून दीड महिन्यापूर्वीचा ताप आजच्या रिपोर्टात दिसू शकतो.

"मग रक्तातली सायटोकाइन्स तपासू?" नको. वृषणात काय चाललंय ते त्यातून कळत नाही. मित्रानं सुचवलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनला मी स्पष्ट विरोध केला. बाहेरून ते घेतलं की मेंदूकडून वृषणाला मिळणारे आदेश थंडावतात, काउंट शून्यावरही येऊ शकतो.

‘थांबा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू’ हा मी दिलेला सल्ला सरसकट नाही. वृषणात दुखत असेल, सूज असेल, विशेषतः गालगुंडानंतर, किंवा रिपोर्टात शुक्राणूच नसतील, तर लगेच डॉक्टरांना दाखवावं.

तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत आकडा २ कोटी ४० लाख आला. गर्भधारणा अजून नाही. प्रयत्नांना वर्ष उलटलं आहे, म्हणून आता दोघांच्याही पुढच्या तपासण्या सुरू आहेत.