ताबा घेण्याआधी घर कोणाला दाखवावं?

प्रश्न: ताई, बदलापूरला नव्या इमारतीत टू बीएचके घेतलाय, पुढच्या महिन्यात ताबा आहे. बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला. बिल्डर म्हणतो, आमच्या इंजिनिअरने सगळं तपासलंय. दीर इंटिरिअरची कामं करतात, ते फुकटात बघून देतो म्हणतात. शिवाय चौरस फुटाच्या दराने तपासणी करणाऱ्यांच्या जाहिराती दिसतात. नेमकं कोणाला बोलवावं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: व्हॅल्युअर बँकेसाठी आला होता. कर्ज थकलं तर या घराचे किती पैसे येतील, एवढंच तो बघतो. नहाणीच्या उताराशी त्याला देणंघेणं नसतं. बिल्डरच्या इंजिनिअरचा पगार बिल्डर देतो, त्यावर आणखी काय बोलायचं! दिरांना सोबत जरूर न्या, पण अहवाल त्यांच्याकडून नको. एक तर ते पुढे तिथेच काम करणार, आणि घरचा माणूस ‘वहिनी, एवढं चालतं’ म्हणाला की तुम्हालाही पुढे बोलता येत नाही.

माझी सगळी नोकरी साइटवर फिनिशिंगच्या कामांत गेली, म्हणून सांगते. गिलावा, टाइल्स, प्लंबिंग स्वतः उभं राहून करून घेतलेला सिव्हिल इंजिनिअर शोधा. तो दुरुस्तीची किंवा वॉटरप्रूफिंगची कंत्राटं घेणारा नसावा. आधी केलेल्या एखाद्या घराचा अहवाल, मालकाचं नाव झाकून, दाखवायला सांगा. ‘बाथरूममध्ये ओल’ एवढंच लिहिलेलं असेल तर पुढचा माणूस बघा. कोणती भिंत, जमिनीपासून किती उंचीवर, सोबत फोटो, असं हवं.

फोनवरच एक प्रश्न विचारा: चटईक्षेत्र मोजताना आतल्या भिंती धरता का? रेरा, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येत आतल्या विभाजक भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइप जाण्याची उभी पोकळी) आणि बाल्कनी धरत नाहीत. खोल्यांच्या लांबी-रुंदीची नुसती बेरीज करून ‘बिल्डरने फसवलं’ म्हणणारा माणूस तुमचं भांडण लावून देईल आणि निघून जाईल.

तापमानातल्या फरकावरून ओल दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याच्या जाहिरातींना भुलू नका. यंत्र चांगलं आहे, पण वरच्या घरात अजून कोणी राहायलाच आलेलं नाही. कोरड्या स्लॅबमध्ये ओल दिसणार कुठून? म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी वरच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं भोक) बंद करून पाणी भरून ठेवायला साइटवाल्यांना सांगा आणि दुसऱ्या दिवशी आपलं छत बघा. स्वतःहून हे सुचवणारा इंजिनिअर भेटला तर फीची घासाघीस करू नका. तुमच्या बाथरूममध्ये तो दाराजवळ बादलीभर पाणी ओतेल आणि थांबून राहील. पाणी आपोआप ट्रॅपकडे गेलं पाहिजे. कोपऱ्यात थारोळं राहिलं तर उतार चुकलाय आणि फरशी उखडल्याशिवाय तो सुधारत नाही. टाइल्सवर दांडीने ठोकत तो खोलीभर फिरेल. बद्द आवाज आला की खाली पोकळी, तिथे खडूची फुली. वीज बघताना अर्थिंग आणि आरसीसीबीचं (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दोन्ही तपासायला हवं.

इमारतीचा सांगाडा किती मजबूत आहे, हे मात्र एका भेटीत कोणी सांगू शकत नाही. तशी हमी देणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) तुम्ही स्वतः मागून बघा, त्याला इंजिनिअर लागत नाही.

सापडलेले दोष ताबापत्रावर सही करण्याआधी ईमेलने कळवा. ‘सर्व समाधानकारक’ असं छापलेलं असेल तर यादी जोडल्याचा उल्लेख करूनच सही करा. नंतर काही निघालं तरी रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत दाखवून दिलेला बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. तेव्हा आजच्या अहवालातले फोटो उपयोगी पडतील.

बाहेरचा इंजिनिअर आणणार असल्याचं बिल्डरला आजच लेखी कळवा, आणि त्या दिवशी घरात पाणी व वीज चालू ठेवायला त्याच पत्रात सांगा.