भाडोत्री, हद्दपार की परागंदा?

प्रश्न असा आला आहे: इंग्लंडचा पदच्युत राजा दुसरा जेम्स याच्यासाठी १६९१ मध्ये फ्रान्सला गेलेल्या आयरिश शिपायांना, म्हणजे 'वाइल्ड गीज'ना, मराठीत 'भाडोत्री सैनिक' म्हणावे का?

म्हणू नये, असे मला ठामपणे वाटते. जो पैसा मोजेल त्याच्यासाठी लढतो तो भाडोत्री. आयर्लंडमधले युद्ध संपवणाऱ्या लिमरिकच्या तहानुसार या शिपायांना घरी परतण्याची मोकळीक होती. जेम्सच्या जागी राजा झालेल्या आणि युद्ध जिंकलेल्या विल्यमच्या फौजेत भरती होण्याचीही होती. तरीही आपला सेनानी पॅट्रिक सार्सफील्ड याच्या मागोमाग सुमारे १४ हजार जण फ्रान्सला गेले. तिथे १६९७ पर्यंत ते जेम्सची फौज म्हणूनच राहिले, अंगात त्याच्याच सैन्याचे लाल डगले. पगार फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा, चाकरी जेम्सची. अशा माणसांना भाडोत्री म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

'हद्दपार'ही बसत नाही, कारण हद्दपारी ही शिक्षा असते आणि इथे तर निवड होती. 'फरार' म्हटले की गुन्हा आणि शोध घेणारे पोलीस डोळ्यांसमोर येतात. 'निर्वासित' जवळचा आहे, पण त्यात हातातली तलवार दिसत नाही.

मला 'परागंदा' हा शब्द योग्य वाटतो. फारसीत 'परागंदा' म्हणजे विखुरलेला, पांगलेला. मराठीत त्याला मुलूख सोडून जाण्याचा अर्थ चिकटला: माणूस जातो आपल्या पायांनी, पण मागे राहणे अशक्य झाले म्हणून. पॅरिसजवळ सेंट जर्मेनला दरबार थाटून बसलेला जेम्सही परागंदाच. राजा आणि शिपाई दोघांनाही तोच शब्द लागू पडतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

१६९७ नंतर मात्र जपून लिहावे. लुई आणि विल्यम यांच्यातल्या रिस्विकच्या तहानंतर जेम्सची ती फौज मोडली, बरेच जण फ्रेंच सैन्यात गेले आणि पुढच्या पिढ्या तिथेच वाढल्या. १७६० मध्ये तमिळनाडूतल्या वांदिवाशला इंग्रजांकडून हरलेला फ्रेंच सेनापती लाली हा अशाच एका आयरिश माणसाचा मुलगा. त्याला परागंदा म्हणता येणार नाही. 'आयरिश वंशाचा फ्रेंच सेनानी' हेच बरोबर.

टोपणनावाचे भाषांतर करायचेच तर 'रानहंस' करा, 'रानटी हंस' नको. रानडुक्कर, रानकोंबडा यांतला 'रान' फक्त पाळीव नसल्याचे सांगतो. 'रानटी'त असंस्कृतपणा येतो. म्हणून तुमचे वाक्य असे लिहा: 'लिमरिकच्या तहानंतर सार्सफील्डचे शिपाई परागंदा राजाच्या चाकरीसाठी फ्रान्सला गेले, आयर्लंड त्यांना रानहंस म्हणू लागले.'