मित्रांना घरी येऊ द्यावं का?

वडगावच्या एक मावशी पावसाळ्यात माझ्याकडे आल्या. यजमानांना पक्षाघात होऊन चार महिने झालेले. उजवा हात लुळा, बोलणं गेलेलं. आजाराआधी त्यांचा दिवस कापडाच्या मागावर जायचा, संध्याकाळ भजनात. मावशींची काळजी मी बऱ्याच घरांतून ऐकते. "दोस्त येतो म्हणतात, मीच नको म्हणते. बोलता येत नाही त्या माणसाला लोकांपुढं कशाला बसवायचं?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण मॅडम, अभंग म्हणतात हो, अख्खा. मग बोलायलाच काय होतंय? मुद्दाम तर करत नाहीत ना?"

नाही मावशी, अजिबात नाही. पाठ असलेला अभंग, वार, आकडे, रागात सुटलेली शिवी, हे सगळं आपोआप येतं. 'मला पाणी दे' म्हणायला मात्र दरवेळी शब्द शोधून जुळवावे लागतात, आणि बहुतेकांत ते काम करणारी मेंदूची डावी बाजूच दुखावलेली असते. याला वाचाघात म्हणतात. पक्षाघात झालेल्या साधारण तिघांतल्या एकाला तो होतो. अक्कल शाबूत असते, म्हणून तर त्रास जास्त.

त्यांच्या घरी गेले तेव्हा सून काकांपुढं पेला धरून बसली होती. "हे काय? सांगा बघू. पे... पे..." काकांनी मान खाली घातली. नंतर चहा ओतताना ते आपणहून म्हणाले, "साकु." मुलगा लगेच, "कन्नड कशाला? मराठीत बोला." मला फार वाईट वाटलं. जन्मभर बाजारात दोन्ही भाषा बोललेला माणूस, जो शब्द आधी सापडेल तोच बोलणार. पुरे म्हणाले हे कळलं ना? मग ओतायचं थांबवा. परीक्षा घेऊ नका, बोला त्यांच्याशी.

एका मित्राला बोलावलं. टीव्ही बंद, एका वेळी एकच जण, अर्धा तास. ते आले तेच ओरडत, "काय करालास रे?" ऐकू येतं त्यांना, मी सांगितलं. प्रश्न एकच विचारा, मनात दहा मोजा, आणि उत्तराचे दोन शब्द वहीत लिहून पुढं ठेवा.

त्यांनी विचारलं, "त्या साली सूत कुठनं आणलं होतं?" आणि लिहिलं: इचलकरंजी, सोलापूर. काका कितीतरी वेळ बघत राहिले. मावशी दारातून काहीतरी सांगायला निघाल्या, मी हातानं थांबवलं. काकांनी दोन्ही शब्दांवर काट मारली, डाव्या हातानं पेन धरलं आणि एक चौकोन काढला. त्याला चाकं, पण वरच्या बाजूला.

"गाडी उलटली होती!" मित्रांनी मांडीवर थाप मारली. "सूत आलंच नव्हतं त्या साली, बरोबर?"

"हौदु," काका म्हणाले, म्हणजे होय. हसले.

ही हकिकत मावशींनाही ठाऊक नव्हती. आता दर गुरुवारी तिघे मित्र येतात, एकेक करून. मुलगा भाषेवरून टोकत नाही. सून मात्र अजून मधेच शब्द पुरवते, ते सुटायला वेळ लागेल.